चादरीचं दुसरं टोक

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते गोधडी पिळायचं. थंडी सरली होती. गोधड्या धुऊन, वाळवून माळ्यावर टाकायच्या होत्या. ओली गोधडी एकट्या माणसाच्यानं पिळल्या जात नाही. एक टोक तिनं धरलं, एक मी, अन् अंगणात समोरासमोर उभे राहिलो.

"अवो, मी घराकडं फिरवून राह्यली अन् तुमी बी घराकडंच," ती म्हणाली. "पाणी कसं निंघन? तुमी रस्त्याकडं फिरवा."

मी रस्त्याकडं फिरवलं.

"थांबा. मी घ्या म्हणल्याशिवाय ओढू नोका."

"ओढत नाई वं."

"ओढून राह्यले. हां, घ्या."

घेतलं. पाणी निघालं, दोघांच्या पायावर पडलं. गोधडी तारेवर टाकल्यावर तिनं दोन्ही टोकं चाचपली अन् म्हणाली, "तुमच्याकडलं वल्लंच राह्यलं."

लग्न झाल्यापासून माझ्याकडलं टोक ओलंच राहत आलं. मी बाजारात पोती वाहणारा हमाल. ताकद माझ्यात तिच्या दुप्पट. पण माझी मूठ सैल, असं तिचं म्हणणं. "चादर असो का गोधडी, पह्यले मुठीत गुंडाळून घ्याची, मंग धराची. नुसतं बोटानं धरलं का सुटते." हे ती मला शेवटपर्यंत शिकवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दरदरून घाम सुटला. पित्त झालं म्हणाली. शेलूबाजारातून जीप केली. मंगरूळपीर यायच्या आधीच तिची मान माझ्या खांद्यावर कलली. त्यावर जास्त लिहायचं नाही मला. मेलेल्या गयाबाईचं काय लिहायचं? जिती होती तिचं लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, अक्षर माझं कोंबडीच्या पायासारखं आहे. तरी लिहायला बसलो, कारण बोलायला आता घरात कोणी नाही.

शेलूबाजारहून मंगरूळपीरकडं जाताना रस्त्याच्या थोडा आत एक वृद्धाश्रम आहे. एका जैन व्यापारी घराण्यानं काढलेला. गावात त्याला शेटजीचा आश्रम म्हणतात. गया तिथं आया होती. आश्रम म्हटलं की लोकांना भजन अन् फुलझाडं दिसतात. फुलझाडं आहेत, पण दारापाशी. आत खाटा आहेत. त्यांच्यावर अशी माणसं पडलेली की ज्यांना कूससुद्धा बदलता येत नाही. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, जखमा झाल्या की सडतात. हगणं-मुतणं, पुसणं, भरवणं, फिरवणं, हे गयाचं काम. ती घरी यायची तेव्हा तिच्या अंगाला फिनाईलचा वास असायचा. पहिल्या पहिल्यानं मला ओकारी यायची. आता तो वास घरातून जाईल याची भीती वाटते.

बाई ठेंगणी, रुंद मनगटाची. चालताना पुढं वाकून चालायची, जसं काही वारा समोरून येतो. हातात काचेच्या बांगड्या. बांगडीनं म्हाताऱ्या माणसाचं कातडं ओरखडते, कागदासारखं असतं ते. एका डॉक्टरनं सांगितलं, कामावर बांगड्या काढून येत जा. बाया घाबरल्या. नवरा जिता असताना हात रिकामे कसे करायचे? गयानं जुन्या धोतराची चिंधी फाडली अन् दोन्ही हातांच्या बांगड्यांवर गुंडाळली. बांगड्या बी राहिल्या, कातडं बी राहिलं. मग सगळ्याच बाया तसं करू लागल्या. नवीन बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला चिंधी मिळायची.

तोंडाची फटकळ. एखादी म्हातारी रडू लागली की इतर बाया 'रडू नका आजी' म्हणत. गया म्हणायची, "रडा. पण उशीवर नोका रडू, खोळ आत्ताच बदलली." म्हातारी रडता रडता हसायची.

तिचं खरं जमायचं ते दादारावशी. दादाराव पूर्वी एसटीवर ड्रायवर होता. कमरेखालून गेलेला, आडवातिडवा भारी माणूस. दोघांचं दिवसभर भांडण.

"गयाबाई, गाडी रिव्हर्स घेऊन राह्यली का माही? हळू घे."

"डेपोतच सडली तुही गाडी. हाले ना डुले."

"तू मेली तं मी पेढे वाटीन."

"वाट. पण आधी उठून दुकानापर्यंत जाऊन दाखव."

आता या आश्रमाची एक रीत सांगितली पाहिजे, नाही तर पुढचं समजायचं नाही. शेटजींच्या घरी सूर्य बुडायच्या आत जेवतात, म्हणून आश्रमातही तसंच. दिवस कलला की ताटं उचलायची, चूल विझवायची, अन् स्वयंपाकीण, झाडूवाली, आया, सगळ्या घरी. रात्रीला एकच बाई. शेटजींना त्यात काही चूक वाटत नव्हती. जेवण झालं, भांडी झाली, म्हातारे झोपले, मग काम काय?

एके दिवशी रात्रपाळीची बेबी सकाळी घरी गेली ती भिंत धरून. एक म्हातारा खाटेवरून घसरला होता, तिनं त्याला एकटीनं उचलून वर घातलं होतं. तिची कंबर गेली. बेबी म्हणजे गयाची जिवाची मैत्रीण, दोघी एकाच जीपनं जायच्या. गया त्या दिवशी घरी आली अन् भाकरी थापू लागली. मग मला विचारलं,

"तुमी पोतं एकटे उचलता का?"

"पाठीवर एकटाच नेतो."

"नेता का नाई इचारलं. खालून एकटे उचलता का?"

"नाई. दोघं जण उचलून पाठीवर देतात. टोळीचा नेमच हाय. एकट्यानं उचललं तं मुकडदम शिव्या देते."

"अन् व्यापारी काई म्हणत नाई? दोन माणसं कायले म्हणून?"

"कायले म्हणन? पोतं फुटलं तं नुकसान त्याचंच."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "म्हंजे पोत्याले दोन माणसं अन् माणसाले एक."

मी म्हटलं, "पोतं बुक्क्या मारत नाई."

"दादाराव मारते," ती म्हणाली, अन् भाकरी उलटवली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बायांना घेऊन शेटजींच्या खोलीत गेली. जाताना जीपमध्ये सगळ्या जणी वाघिणी होत्या. खोलीत शेटजी खुर्चीवर, बाजूला त्यांचा पुतण्या सुमितभाऊ, अन् समोर ह्या भिंतीला टेकून, डोक्यावर पदर. शेटजी म्हणाले, "बोला बाई, काय अडचण आहे?" सगळ्या म्हणाल्या, "तुमी म्हणान तसं." झालं. पाच मिनिटांत बाहेर. बेबीची सख्खी जाऊबाईसुद्धा तोंडातून एक शब्द काढेना.

गया घरी येऊन मलाच शिव्या देऊ लागली. "बोअरच्या पाण्यासाठी एकमेकीच्या झिंज्या उपटतात अन् शेटजीपुढं मुक्या गाई! काहून होते असं?"

मी म्हटलं, "खुर्चीपुढं उभं राह्यलं का आमच्या टोळीतले पैलवान बी असेच होतात. हातात पोत्याचा हुक असला का बोलतात."

हे मी सहज म्हटलं होतं. तिनं ते धरलं.

आश्रमाची तूरडाळ महिन्याची महिन्याला शेटजींच्या दुकानातून यायची. ती व्हरांड्यात चटई टाकून बाया निवडायच्या. डाळीच्या बाबतीत शेटजी फार कडक. एक अळी चुलीवर गेलेली त्यांना चालत नव्हती, जीवहत्या म्हणून. गयानं त्यांना निरोप दिला, "शेटजी, बाया डाळ नीट निवडत नाईत. एकदा येऊन तुमीच दाखवा."

शेटजी आले. पांढरं धोतर आवरून चटईवर बसले, ताट मांडीवर घेतलं, चष्मा चढवला. अळी सापडली की कागदाच्या कपट्यावर उचलायचे अन् वाटीत ठेवायचे, नंतर झाडाखाली सोडायला. बाया पाहत राहिल्या. सगळ्यांची मान खाली, बोटं डाळीत. थोड्या वेळानं बेबी, जी त्या दिवशी नुसती बसायला आली होती, ताटाकडं पाहत म्हणाली, "माही कंबर आता कधी सरळ होत नाई, शेटजी."

मग जे सुटलं ते सुटलंच. कोणी म्हणाली, जेवायला बसलं की घास तोंडात असताना उठवतात. कोणी म्हणाली, नवीन बाईला पहिल्याच दिवशी खाटेपाशी एकटीला उभं करतात. शेटजी ऐकत होते, डाळ निवडत होते.

"पण रात्री काम काय असते?" ते म्हणाले. "जेवण तर दिवसाउजेडी होते."

गया म्हणाली, "शेटजी, पोटात गेलेलं बाहेर निंघते तवा सूर्य पाहत नाई."

बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. सुमितभाऊचे कान लाल झाले. शेटजीही हसले, ताटातली डाळ सांडेपर्यंत. मग उठले अन् म्हणाले, "एक खाट रिकामी आहे का? मला झोपवा अन् फिरवून दाखवा."

हे त्यांनी आपणहून म्हटलं. गया घरी येऊन दहादा सांगायची, "मी नाई म्हणलं. मी तं म्हणून पाह्यलंच नसतं." आधी तिनं एकटीनं फिरवलं. एवढी हात बसलेली बाई, तरी त्यांचा खांदा ओढल्या गेला अन् तोंडातून 'अरे बाप' निघालं. मग खाली चादर घातली, दोन बाजूंनी दोघींनी चादर मुठीत गुंडाळली, गया म्हणाली 'हां, घ्या', अन् शेटजी आपोआप कुशीवर. ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. म्हणाले, "लहानपणी झोळीत असायचो तसं वाटलं."

पण शेटजी व्यापारी माणूस. उठून टोपी नीट केली अन् म्हणाले, "दोघींशिवाय कोणाला उचलायचं नाही, मंजूर. रात्री दोन बाया, मंजूर. बेबीला स्वयंपाकघरात बसून करायचं काम देऊ. आता मला तुमच्याकडून पाहिजे. कोणी म्हाताऱ्यावर हात उचलला तर ती त्या दिवशी घरी जाईल, अन् तिची बाजू घेऊन कोणी डाळीला बसायचं नाही."

सगळ्या हो म्हणाल्या. गयाचा आवाज सगळ्यात मोठा.

तेव्हापासून दर महिन्याला डाळीची बैठक. नियम एकच होता, ज्याच्या मांडीवर ताट नाही त्यानं बोलायचं नाही. सुमितभाऊला तो कधी आवडला नाही. त्याचं म्हणणं, काही कागदावर लिहा, सह्या करा. गया म्हणायची, "अर्ध्या बायाइले वाचता येत नाई. खाटेवर झोपून पाह्यलं का सगळ्याइले समजते." म्हणून नवीन लागलेल्या बाईला पहिल्या दिवशी खाटेवर झोपवून फिरवत, एकटीनं अन् मग दोघींनी. सुमितभाऊलाही म्हटलं होतं. तो म्हणाला, नंतर.

आता वाईट गोष्ट. किन्हीराजा गाव गयाचं माहेर. भावाच्या सुनेला तिनंच आश्रमात लावलं होतं. पोरगी कामाची, पण एका दुपारी तिनं एका म्हातारीच्या थोबाडीत मारली. म्हातारीनं भात तिच्या अंगावर थुंकला होता. पाहणाऱ्या दोघी-तिघी होत्या. त्या म्हणाल्या, घरचीच हाय, दाबून टाकू. शेटजीसुद्धा म्हणाले, "गयाबाई, एकदा माफ करू. लेकरंबाळं आहेत तिची."

"अट तुमी घातली, शेटजी," गया म्हणाली. "तुमीच सैल सोडली तं मी कोणाले धरू?" अन् स्वतः त्या पोरीच्या हातावरची चिंधी सोडली, तिला जीपमध्ये बसवून दिलं.

रडली नाही. पण तिला हेही ठाऊक होतं की त्या पोरीनं दुसरीच्या बदल्यात रात्रपाळी केली होती अन् लगेच दिवसपाळीला उभी राहिली होती. पुढच्या बैठकीत गयानं तेही काढलं. लागोपाठ दोन पाळ्या कोणाला करू द्यायच्या नाहीत, असं ठरलं. पोरीला त्याचा काय उपयोग? ती तर गेली.

भावानं येणं-जाणं तोडलं. भाऊबीजेला गया दरवर्षी ताट तयार करायची, दिवेलागणीपर्यंत दाराकडं पाहायची. मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. हिचा भाऊ इथून जीपच्या अंतरावर जिवंत बसला होता. एकदा मी म्हटलं, "जाय, माफी मांगून घे. काय जाते?"

"कायची माफी? त्या म्हातारीचा गाल तुमी पाह्यला नाई."

"म्हातारी तं मरून बी गेली."

"म्हणूनच तं," ती म्हणाली, अन् ताट घेऊन आत गेली. त्या बाईशी बोलण्यात काही अर्थ नव्हता.

ती नेहमी बरोबर असायची असं नाही. मीरा नावाची बाई नवीन लागली. दोन लेकरांची माय, नवरा पिणारा, नोकरी जाईल या धाकानं सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणारी. एक म्हातारी खाटेच्या काठावर बसली होती, बसल्या बसल्या कलली. मीरा हाताच्या अंतरावर. पण एकटीनं धरायचं नाही हे तिच्या डोक्यात एवढं पक्कं की ती हात मागं घेऊन ओरडत राहिली, "दुसरी या वं! दुसरी या!" दुसरी येईपर्यंत म्हातारी खाली. मनगट मोडलं.

सुमितभाऊ म्हणाला, "पाहा, हा तुमचा नियम." अन् खोटं तरी काय होतं त्यात?

गया दिवसभर जेवली नाही. बैठकीत ताट मांडीवर घेऊन म्हणाली, "मीराची चूक नाई. मी उचलाचं शिकवलं, सावराचं शिकवलंच नाई. पडत्या माणसाले एकटीनंच धराचं. झोपलेल्याले एकटीनं उचलाचं नाई." मग पुढचे कित्येक दिवस ती खाटेच्या काठावर बसायची अन् मुद्दाम कलंडायची, मीरानं धरायचं. मीरा सुरुवातीला धरू शकत नव्हती. घरी आली की कोपर काळं-निळं. मी तेल-हळद लावून द्यायचो.

"आज किती डाव पडली?"

"इचारू नोका. दादाराव टाळ्या वाजवून राह्यला होता."

शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत शेटजींचे गुडघे गेले, चटईवर बसता येईना. आश्रम सुमितभाऊ पाहू लागला. माणूस वाईट नाही. त्याची अडचणही खरी आहे. तरण्या बाया पुण्याला जातात, वाशीमला दवाखान्यात जातात, इथं कोणी टिकत नाही. दोनच्या जागी एक बाई लावावी, असं त्याच्या मनात कायम यायचं. पण गया ताट घेऊन समोर बसली की तो खाली पाहायचा. गया मला म्हणायची, "शेटजी हायत अन् मी हावो तवर ठीक हाय. मंग काय होईन?" मी म्हणायचो, "मंग मंगचं पाहू." मला वाटायचं मीच आधी जाईन.

मेली त्या दिवशी आश्रमातल्या सगळ्या बाया घरी आल्या. तिकडं म्हाताऱ्यांपाशी एकीला ठेवून. सवाष्ण मेली म्हणून तिला न्हाऊमाखू घातलं, हिरवा चुडा भरला. भाऊ माहेरचं लुगडं घेऊन आला, ते नेसवलं. भाऊ खूप रडला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरगा-सून पुण्याहून निघाले होते, त्यांची वाट पाहत अंगणात ठेवलं होतं तिला, त्याच गोधडीच्या तारेखाली. गोधडी कोणीतरी एका बाजूला सरकवली होती. तेवढ्यात बेबी भिंत धरत उठली, पदराची किनार टर्रकन फाडली, अन् गयाच्या हिरव्या चुड्यावर चिंधी गुंडाळून गाठ मारली. तिला मी शेवटचं पाहिलं ते हेच. चेहरा मला आठवत नाही, चिंधीची गाठ आठवते.

शेटजींना गाडीतून आणलं होतं. खुर्चीवर बसले. तिच्याकडं पाहून म्हणाले, "बाई, डाळ आली आहे." मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

ओट्याच्या कडेला सुमितभाऊ बायांशी बोलत होता. माझ्या कानावर आलं. "दोन-चार जणींना इथंच थांबावं लागेल, कोणाला सुट्टी पाहिजे. उद्यापासून एक-एकटीनं भागवा. पुढचं मग पाहू. तसं ते काका अन् गयाबाईंचं आपसातलं होतं. लिहिलेलं तर काही नाही."

मीरा म्हणाली, "पण भाऊ, दादाराव—"

"चार दिवसांचा प्रश्न आहे, मीराबाई."

बेबीनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त सरणाच्या गोवऱ्यांचं चाललं होतं.

दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. सुनेनं चहा ठेवला होता. मी सदरा घातला. पोरगा म्हणाला, "बाबा, कुठं निघाले? सुतक हाय. लोक भेटाले येतील."

"बसव त्याइले," मी म्हटलं, अन् जीपमध्ये बसलो.

आश्रमात गेलो तर पुरुषांच्या खोलीतून दादारावच्या शिव्या दारापर्यंत ऐकू येत होत्या. आत मीरा त्याच्या खाटेपाशी उभी. एका बाजूची चादर तिनं मुठीत गुंडाळलेली. ओढत नव्हती. नुसती उभी. दाराशी सुमितभाऊ, मोबाईल हातात.

"मीराबाई, किती वेळचं सांगतो. घ्या फिरवून."

"नाई भाऊ. दुसरी येऊ द्या."

"दुसरी बायांच्या खोलीत आहे. कशी येणार?"

"मंग मी थांबते," मीरा म्हणाली. घाम आला होता तिला. नोकरी जाईल हे तिला कळत होतं. मूठ सोडत नव्हती.

चपला मी बाहेर पायरीपाशीच काढल्या होत्या. खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेलो. कोणालाच काही विचारलं नाही. चादरीचं टोक उचललं. दादाराव शिव्या द्यायचा थांबला. त्यानं माझ्याकडं खालून वर पाहिलं. माझं डोकं भादरलेलं.

"सुतकात हात लावतो का बे?"

"तुले चालते का?"

"मले तं इथं आलो तवापासून सुतकच हाय," तो म्हणाला. मग तोंड भिंतीकडं केलं. भिंतीकडंच पाहत म्हणाला, "पेढे वाटले नाई मी."

"मालूम हाय."

मी चादर मुठीत गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, जशी ती सांगायची तशी. मीरा माझ्याकडं पाहू लागली, मी मीराकडं. दोघंही चादर ताणून उभे, अन् कोणीच पुढं काही करेना. आमच्या दोघांच्याही ध्यानात एकाच वेळी आलं की 'घ्या' म्हणणारी नाही.

खाटेवरून दादारावचा आवाज आला. "हां, घ्या. म्हणतो मीच. घ्या."

घेतलं. तो कुशीवर झाला. मीरानं पाठ पुसली, पावडर लावली, खालचं बदललं. मी दुसऱ्या बाजूनं धरून होतो. माझ्या मुठीतलं टोक सुटलं नाही.

सुमितभाऊ दारातच होता. जवळ येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतला? अशा दिवशी..."

"सुमितभाऊ," मी म्हटलं, "उद्या तिची राख सावडाची हाय. उद्या मी येत नाई. त्याले अजून या कुशीवर घ्याचं हाय अन् दुसरी बाई आलेली नाई. हे टोक तुमी धरा."

मी टोक त्याच्यापुढं केलं. त्यानं मोबाईलकडं पाहिलं, मीराकडं पाहिलं. मी टोक खाटेवर ठेवलं अन् बाहेर आलो.

व्हरांड्यात डाळीचं पोतं उतरवून ठेवलं होतं, तोंड शिवलेलंच. मी पायरीवर बसून चपला घालत होतो. गुडघे कुरकुरत होते, वेळ लागला. तेवढ्यात आतून दादारावचं ओरडणं ऐकू आलं.

"सुमितभाऊ, बोटानं नाई! बोटानं धरलं का सुटते. मुठीत गुंडाळून घ्या, मुठीत."